राज्य उभयचर: बेडकाला राज्यचिन्हांत जागा मिळवायची तर प्रस्ताव कसा असावा?

सडा

महाराष्ट्राची राज्यचिन्हे आता बरीच झाली आहेत. शेकरू, हरियल, आंबा आणि ताम्हण ही जुनी चार. जून २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन आले आणि राज्य फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य झाले. ऑगस्ट २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे कांदळवनातले झाड, सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट. सस्तन प्राणी झाला, पक्षी झाला, मासा झाला. बेडकालाही जागा मिळावी असे मनापासून वाटते. सह्याद्रीत अशा बेडूकजाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि त्यांतल्या काहींचे सगळे जग म्हणजे दोनचार गावांचे सडे, म्हणजे जांभ्या कातळाची उघडी पठारे.

प्रस्तावाचा मसुदा करायला घेतला आहे. अर्ज कोणाकडे जातो, कोणती जात सुचवावी, सोबत काय जोडावे, आणि आधीच्या चिन्हांच्या बाबतीत कुठे कमी पडले, हे जाणकारांनी सांगावे. माझा कल आंबोली टोड या छोट्या बेडकाकडे आहे, शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायगेरिना. पण मत पक्के झालेले नाही.

फाइलवाट

चांगला विषय. आधी एक गैरसमज दूर करतो. राज्यप्राणी किंवा राज्यपक्षी ठरवण्यासाठी वेगळा कायदा नाही. राजमुद्रेचा गैरवापर रोखणारा २००५ चा केंद्रीय कायदा आहे, पण तो सिंहशीर्षाच्या मुद्रेपुरता. शेकरूशी त्याचा संबंध नाही. राज्यचिन्ह हा शासनाचा प्रशासकीय निर्णय असतो. म्हणून तो मिळवता येतो आणि बदलताही येतो. आंध्र प्रदेशाने विभाजनानंतर २०१८ मध्ये राज्यपक्षी म्हणून नीलपंख सोडून पोपट घेतला. नीलपंख तेलंगणाकडे राहिला.

आता वाट. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ६ खाली राज्य वन्यजीव मंडळ असते. मुख्यमंत्री अध्यक्ष, वनमंत्री उपाध्यक्ष. कलम ७ प्रमाणे वर्षातून किमान दोन बैठका व्हायला हव्यात. कलम ८ मध्ये मंडळाची कामे दिली आहेत: संरक्षित क्षेत्रांची निवड, धोरण, अनुसूचीतले (कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या याद्यांतले) बदल, आणि शेवटी ‘शासनाने सोपवलेली वन्यजीव संरक्षणाशी संबंधित अन्य बाब’. राज्यचिन्हाचा विषय या शेवटच्या दारातून आत येतो. ब्लू मॉरमॉन आणि पांढरी चिप्पी हे दोन्ही निर्णय मंडळाच्या बैठकीतच झाले.

अर्ज प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), नागपूर यांच्या नावाने करा. एक प्रत महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाला द्या, तेही नागपूरलाच आहे. एक प्रत मंत्रालयात महसूल व वन विभागाला. बरेच जण थेट मंत्र्यांना निवेदन देतात आणि फोटो काढून घेतात. ते निवेदन ‘अभिप्रायासाठी’ खाली येते, वनवृत्ताकडून वनविभागाकडे, तिथून परिक्षेत्राकडे जाते, आणि प्रत्येक टेबलावर नव्याने माहिती मागवली जाते. वन्यजीव शाखेचा अभिप्राय आधीच जोडलेला असेल तर हा फेरा वाचतो.

मुख्य टिपण तीन पानांपेक्षा मोठे नको. मंडळाच्या विषयपत्रिकेवर एका वेळी बरेच विषय असतात, त्यांत रस्ते, धरणे, वीजवाहिन्या यांचे प्रस्तावच जास्त. तुमच्या विषयाला पाच-सात मिनिटे मिळाली तर भाग्य. पहिल्या पानावर तीन गोष्टी दिसायला हव्यात: कोणती जात, तीच का, आणि शासनाने नेमके काय करायचे. बाकी सगळे परिशिष्टात. आढळाचा नकाशा, प्रकाशित संशोधनाच्या प्रती, चार-पाच स्पष्ट छायाचित्रे छायाचित्रकाराच्या लेखी संमतीसह, संबंधित ग्रामसभांचे ठराव.

एक सूचना, ही फार महत्त्वाची. बैठकीत मंजुरी मिळाली की बातमी येते, आणि पाठपुरावा करणारे थांबतात. बातमी म्हणजे निर्णय नव्हे. आधी इतिवृत्त कायम व्हायला हवे, मग शासन निर्णय निघायला हवा. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आणि संगणक संकेतांक असतो. संविधानाच्या अनुच्छेद १६६ मुळे ती ओळ येते. तो कागद हातात येईपर्यंत फाइल सोडू नका.

दर्याकिनारा

फाइलवाट यांनी सांगितलेली वाट वन विभागाची झाली. पापलेट त्या वाटेने गेले नाही, हे लक्षात घ्या. मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय, नोंद २१. वने आणि वन्यजीव समवर्ती सूचीत. मासा असेल तर मत्स्यव्यवसाय विभाग, बेडूक असेल तर वन विभाग. अर्ज चुकीच्या विभागात पडला तर तो परत येत नाही, नुसता पडून राहतो.

पापलेटवरून घेण्यासारखा दुसरा धडा शास्त्रीय नावाचा. आपण ज्याला चंदेरी पापलेट म्हणतो त्याचे नाव वर्षानुवर्षे पॅम्पस अर्जेंटियस असे लिहिले जात होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणाच्या कामाने दाखवले की उत्तर हिंदी महासागरातला हा मासा वेगळी जात आहे, पॅम्पस कँडिडस. म्हणजे जुने नाव कागदावर चढले तर ते आपल्या किनाऱ्यावरच्या माशाचे नावच नसण्याची शक्यता. कोळी बांधवांना काही फरक पडत नाही, त्यांना सरंगा ओळखता येतो. पण पुढे किमान आकार, जाळ्याचे आस (छिद्रांचा आकार), बंदीकाळ यांचे नियम नावाला बांधले जातात, तेव्हा गोंधळ नको. तुमच्या टोडचे अलीकडचे वर्गीकरण तपासूनच नाव लिहा, आणि शासन निर्णयात ते रोमन लिपीत, लेखक व वर्षासह जायला हवे असा आग्रह धरा.

पापलेटला मान मिळाला याचे कारण सातपाटीसारख्या बंदरांतल्या मच्छीमारांची मागणी होती. लहान, अजून एकदाही अंडी न घातलेले पापलेट जाळ्यात येऊ लागले की पुढच्या हंगामाचे बियाणेच संपते. त्याच वर्षी राज्याने ५४ सागरी जातींचे किमान कायदेशीर आकारमान ठरवले. या दोन्हींतला दुसरा निर्णय खरा उपयोगाचा, कारण बंदरावरचा अधिकारी पट्टी लावून मासा मोजू शकतो. राज्यमाशाच्या सन्मानाला पट्टी लावता येत नाही. तुमच्या प्रस्तावातही मोजता येईल असे काहीतरी हवे.

माळढोक_नान्नज

मला उत्साहावर पाणी टाकायचे नाही, पण हे लिहिलेच पाहिजे. नुसत्या मानाने प्राणी वाचत नाही, याची उदाहरणे ठळक आहेत.

राजस्थानने माळढोकला १९८१ मध्ये राज्यपक्षी केले. आज देशभरात मिळून तो दीडशेच्या आत आहे. त्याला मारतात त्या वीजवाहिन्या. पक्षी जड, नजर बाजूला, समोरची तार उशिरा दिसते आणि वळायला वेळ मिळत नाही. राज्यपक्ष्याच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखालून न्याव्यात यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये आदेश द्यावा लागला, आणि २०२४ मध्ये तोही बदलून विषय तज्ज्ञ समितीकडे गेला. राज्यपक्षी या पदवीने तारेचा एक खांबसुद्धा हलवला नाही.

छत्तीसगडचा राज्यप्राणी रानम्हैस. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या रक्षणासाठी राज्याला आदेश दिले. २०२० मध्ये आसामातल्या मानसमधून नर-मादी आणावी लागली, २०२३ मध्ये आणखी चार माद्या. राज्यप्राणी दुसऱ्या राज्यातून आणायची वेळ यावी, इतके उशिरा जाग येऊ नये.

आणि राजस्थानचाच उंट. तो पाळीव, पण उदाहरण नेमके आहे. २०१४ मध्ये चिंकाऱ्याच्या जोडीला त्याला राज्यप्राणी केले, २०१५ मध्ये कत्तलीवर आणि राज्याबाहेर नेण्यावर बंदीचा कायदा आला. हेतू चांगला होता. पण रायका पशुपालकांचे उत्पन्न नर उंट विकण्यावर होते. बाजार बंद पडला, भाव कोसळले, उंट ठेवणे परवडेना. पशुगणनेत २०१२ ला सुमारे ३.२६ लाख होते, २०१९ ला सुमारे २.१३ लाख. घट आधीपासून चालूच होती, पण कायद्याने ती थांबली नाही. ज्यांच्या आधाराने प्राणी जगतो त्यांना न विचारता केलेला सन्मान असा अंगावर येतो.

म्हणून सडा, आंबोली-चौकुळच्या लोकांना विचारून पुढे जा. जमीन त्यांची आहे.

गोमंतक_रान

माळढोक_नान्नज यांच्याशी सहमत. पदवी आणि कायदेशीर दर्जा यांचा काही संबंध नाही याचे उदाहरण नीलगाय. दिल्लीचा राज्यप्राणी तीच, आणि २०१५ च्या डिसेंबरात बिहारच्या काही जिल्ह्यांत केंद्राने तिला कलम ६२ खाली वर्षभरासाठी उपद्रवी घोषित केले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी वैध.

आमच्या गोव्याचा राज्यप्राणी गवा. सत्तरी, सांगे, काणकोण भागात बागायतीत शिरतो, काजू-पोफळीचे नुकसान करतो. बागायतदाराला नुकसानभरपाई वेळेवर मिळते की नाही यावर गव्याबद्दलचे त्याचे मत ठरते, राज्यप्राणी असण्यावर नाही. बेडकाच्या बाबतीत गोव्याचा प्रश्न वेगळा. पहिल्या पावसात मोठे बेडूक पकडून खाण्याची जुनी सवय आहे, ‘जंपिंग चिकन’ या नावाने ते विकलेही जायचे. बंदी असूनही रात्री शेतात बॅटऱ्या फिरतात. हा बेडूक राज्यचिन्ह झाला तर ‘याला हात लावू नका’ हे सांगायला गावात एक सोपे वाक्य मिळेल, एवढा फायदा मी मानतो.

सडा

@गोमंतक_रान, म्हणजे तुम्ही इंडियन बुलफ्रॉग सुचवताय का? आणि राज्यचिन्ह झाल्यावर शिकारीची शिक्षा वाढते ना?

फाइलवाट

नाही, शिक्षा वाढत नाही. ती फक्त अनुसूचीवर ठरते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, सहा अनुसूच्यांच्या चार झाल्या. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. इतर गुन्ह्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमची जात सुधारित अनुसूचीत कुठे आहे ते मूळ राजपत्रात पाहा, जुन्या पुस्तकांतल्या याद्या आता चालत नाहीत. जात यादीत नसेल तर ‘अनुसूचीत समावेशाची शिफारस करावी’ ही वेगळी मागणी त्याच प्रस्तावात घाला. कलम ८ मध्ये मंडळाला अनुसूचीतल्या बदलांबाबत सल्ला देण्याचे काम स्पष्टपणे दिले आहे. राज्यचिन्हापेक्षा ही मागणी मोठी आहे.

पाणथळ

जातीच्या निवडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळा प्रस्ताव इथेच उभा राहतो किंवा पडतो.

इंडियन बुलफ्रॉग, होप्लोबॅट्राकस टायगेरिनस. राज्यभर आहे, भातखाचरे, तळी, विहिरी, सगळीकडे. पंधरा-सोळा सेंटीमीटरपर्यंत वाढतो. विणीच्या दिवसांत नर पिवळेधमक होतात आणि गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. लहान मुलालाही ओळखता येतो. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली, त्याआधी हाच बेडूक टनावारी पकडला जायचा. बेडूक गेले की खाचरातले किडे वाढतात, हे शेतकऱ्याला समजावणे सोपे. विरोधातले मुद्दे दोन. तो पाकिस्तान ते म्यानमारपर्यंत आढळतो, महाराष्ट्राचा म्हणून खास नाही. आणि अंदमानात माणसाने नेल्यामुळे तो तिथल्या जीवांना खाणारा आगंतुक ठरला आहे. ‘संवर्धन’ म्हणून कुणी त्याची पिल्ले भलतीकडे सोडायला नको.

आंबोली टोड नेमका उलट. अंगठ्याएवढा, कुशीवर पिवळ्या पट्ट्या, त्या पट्ट्यांवरूनच टायगेरिना नाव. २००९ मध्ये जात म्हणून नोंदला गेला आणि त्याच शोधनिबंधात झँथोफ्रायनी ही प्रजातीही, म्हणजे जवळच्या जातींचा गट, नव्याने मांडली. या प्रजातीत दोनच जाती, हा आणि कोयनेचा टोड. दोन्ही उत्तर सह्याद्रीतले. आंबोली टोड आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. आंबोली-चौकुळ परिसराबाहेर त्याचा आढळ फार तुटक.

याची वीण समजून घ्या, मग धोका कळेल. हा तळ्यात अंडी घालत नाही. पावसाच्या सुरुवातीच्या सरींनी जांभ्याच्या सड्यावर जी उथळ खोलगट भांडी भरतात, त्यांत घालतो. पाणी कधी बोटभर, कधी त्याहून कमी. पाऊस आठवडाभर थांबला की डबके आटते आणि सगळी वीण जाते. तेवढा धोका तो हजारो वर्षे पेलत आला आहे. न पेलणारा धोका माणसाचा: सड्यावर गाडी चढवणे, डबक्यात पाय देणे, जांभा दगडाची खाण, आणि भराव टाकून प्लॉट पाडणे. ज्या सड्याला आपण सरकारी कागदात ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणतो, तोच याचा पाळणा आहे.

अडचण अशी की राज्यचिन्ह झाल्यावर लोक बघायला येतील. आंबोलीत पावसाळ्यात आधीच गर्दी. रात्री बॅटरी घेऊन वीस माणसे एका सड्यावर फिरली तर एका रात्रीत किती डबकी तुडवली जातील? बूट नीट न धुता एका घाटातून दुसऱ्या घाटात गेले तर बेडकांना होणारा कायट्रिड बुरशीचा संसर्गही पसरू शकतो. ही बुरशी पश्चिम घाटात नोंदली गेली आहे.

आणखी एक घोळ टाळा. आंबोलीच्या नावाचे दोन वेगळे जीव आहेत, आंबोली टोड आणि आंबोली बुश फ्रॉग. दुसरा झुडपांवर राहतो, त्याची वीण, रंग, सगळेच निराळे. बातम्यांमध्ये एकाच्या मजकुराला दुसऱ्याचे छायाचित्र लागते. शासन निर्णयाच्या परिशिष्टात प्रमाणित छायाचित्र असणे म्हणूनच गरजेचे.

खारवाट

पाणथळ यांचा छायाचित्राचा मुद्दा शेकरूलाही लागू. शेकरूचा रंग जागेनुसार बदलतो. भीमाशंकरचा, मेळघाटचा आणि दक्षिण सह्याद्रीतला एकसारखे दिसत नाहीत. चित्रकाराला ‘शेकरू काढा’ एवढेच सांगितले तर तो जे छायाचित्र पुढे येईल ते पाहून काढतो. चिन्ह ठरवताना कोणत्या रूपाचे चित्र प्रमाण मानायचे तेही ठरवा.

शेकरूच्या बाबतीत खरे काम भीमाशंकर अभयारण्याने केले. ते १९८५ मध्ये झाले, सुमारे १३० चौरस किलोमीटर, मुख्य हेतूच शेकरू. शेकरू जमिनीवर क्वचित उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पाच-सहा मीटरची झेप घेतो, पण फांद्या एकमेकींजवळ हव्यात. वरचे छत्र तुटले की एक कळप नव्हे, एकेक प्राणी एकाकी बेटावर अडकतो. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची झाडे तोडली तर शेकरूसाठी तो रस्ता नदीसारखा होतो. शिवाय एकच शेकरू उंच झाडांच्या शेंड्याकडे अनेक घरटी बांधतो, काही झोपायला, एखादे पिल्लांसाठी. म्हणून घरटी मोजून शेकरूंची संख्या सांगताना चूक होते. वापरातले घरटे ताज्या पानांचे, हिरवट. सोडलेले काळपट आणि विस्कटलेले. दोन्ही वेगळी मोजली नाहीत तर आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा दाखवून ‘वाढ झाली’ म्हटले जाते.

बेडकाच्या प्रस्तावातही ‘संख्या वाढवू’ असे लिहू नका. मोजता येणारी दुसरी गोष्ट घ्या.

नीलवंत

ब्लू मॉरमॉनच्या अनुभवावरून थोडेसे. मराठी नावाचा विचार प्रस्तावातच करा. २०१५ ला इंग्रजी नावच रुळले. राणी पाकोळी, नीलवंत ही नावे मागाहून लोकांपर्यंत पोचू लागली. केरळने २०१८ मध्ये मलबार बँडेड पीकॉक निवडले आणि त्याला बुद्ध मयूरी म्हटले, ते लगेच लोकांच्या तोंडी बसले. पुस्तकातला ‘भेक’ हा शब्द टोडला योग्य आहे, पण बोलण्यात नाही. गावात त्याला काय म्हणतात ते आधी विचारा.

आणि लोकांना करण्यासारखे एक काम द्या. ब्लू मॉरमॉनची अळी लिंबाच्या कुळातल्या पानांवर वाढते: लिंबू, संत्री, पपनस, रानातला माकडलिंबू. त्यामुळे शाळेला सांगता येते की आवारात दोन लिंबाची झाडे लावा, पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली तर फवारणी करू नका. बेडकासाठी असे एका वाक्यात सांगता येणारे काम कोणते?

पाणथळ

@नीलवंत, बुलफ्रॉगसाठी: शेततळ्याची एक कड उतरती ठेवा. प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या कडांच्या शेततळ्यात बेडूक उतरतो आणि वर येऊ शकत नाही, बुडतो. एका कोपऱ्यात काथ्याची जाळी किंवा खडबडीत गोणपाट पाण्यात दोन हात खोलपर्यंत सोडले तरी पुरते. टोडसाठी: जून-जुलैत सड्यावर गाडी नेऊ नका.

@खारवाट, मोजण्याजोगी गोष्ट सुचवतो. सड्यावर वीस-पंचवीस डबकी निवडा, प्रत्येकाजवळ कातळावर रंगाचा ठिपका आणि क्रमांक, पण डबक्याच्या आत रंग नको. जीपीएस नोंद, लांबी-रुंदी, आणि सर्वांत खोल जागी पट्टीने पाण्याची उंची. पहिल्या जोरदार सरीपासून आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. प्रत्येक वेळी अंडी आहेत का, भैरी (शेपटीची पिल्ले, टॅडपोल) आहेत का, पाणी किती, टायरच्या किंवा पायाच्या खुणा आहेत का. ‘किती टक्के डबक्यांत भैरींना पाय फुटेपर्यंत पाणी टिकले आणि ती तुडवली गेली नाहीत’ हा आकडा दरवर्षी सांगता येतो. सोबत आंबोली घाटरस्त्याचा एकेक किलोमीटरचा टप्पा घेऊन रात्री आठ ते दहा चिरडलेले बेडूक मोजा, पावसाच्या नोंदीसह. पावसाची नोंद नसली तर दोन वर्षांची तुलना निरर्थक.

मोजणाऱ्यांनी बूट ब्रशने घासून, पूर्ण वाळवून मगच दुसऱ्या जागी जावे. प्राण्याला हात लावायची गरज नाही. लावायचा तर वन विभागाची परवानगी लागते. हाताला डास पळवणारे मलम असेल तर डबक्यात बोटही घालू नये.

फाइलवाट

हे सगळे वाचून एक पर्याय सुचवतो. टोडला राज्यचिन्ह करण्याऐवजी त्याच्या सड्याला जैवविविधता वारसा स्थळ करा. जैविक विविधता अधिनियम, २००२ चे कलम ३७. स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढते. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या उगमाजवळचा परिसर २०२१ मध्ये असा घोषित झाला, क्षेत्र २.११ हेक्टर, कारण तिथला शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा, जो शास्त्राला २०२० मध्ये माहीत झाला. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डेची मायरिस्टिका दलदलही २.५९ हेक्टरवर घोषित झाली. दोनअडीच हेक्टरसुद्धा घोषित होतात, हे सड्यासाठी फार उपयोगी आहे.

त्यासाठी गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती, कलम ४१, जिवंत असायला हवी. बऱ्याच गावांत ती कागदावर असते, लोकजैवविविधता नोंदवही कुणीतरी बाहेरून भरून दिलेली. नोंदवहीत सडा, टोड, विणीची डबकी यांची नोंद आधी घाला, तारीख टाकून. मग ग्रामसभेचा ठराव. ठरावात गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा नसल्या की प्रस्ताव तिथेच अडतो. जमीन खासगी असेल तर सातबाऱ्यावरच्या सर्व हिस्सेदारांची संमती घ्या. एकाची राहिली तरी पुढे तोच हरकत घेतो, आणि त्याची हरकत रास्त असते.

गोमंतक_रान

फाइलवाट, हे उत्तम. म्हणजे राज्य उभयचर म्हणून बुलफ्रॉग, जो गर्दी सहन करू शकतो, आणि टोडसाठी वारसा स्थळ, जिथे गर्दीच नको.

माळढोक_नान्नज

ही विभागणी मलाही पटते. क्षेत्र मात्र लागेल तेवढेच मागा. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर कागदावर केले, त्यात गावेच्या गावे आली. जमिनीच्या व्यवहारांपासून विहिरीपर्यंत सगळे अडले आणि लोक माळढोकला शत्रू मानू लागले. पुढे ते १,२२२ वर आणले, पण तोवर मने दुरावली होती. सड्याचे दोन हेक्टर नीट सांभाळलेले चालतील.

सडा

सर्वांचे मनापासून आभार. मत बदलले आहे. प्रस्ताव दोन वेगळ्या कागदांवर करतो. पहिला राज्य उभयचराचा, इंडियन बुलफ्रॉगसाठी. त्याची मागणीची ओळ अशी ठेवतोय, तपासून पाहा:

‘इंडियन बुलफ्रॉग या जातीस महाराष्ट्राचे राज्य उभयचर घोषित करावे, शासन निर्णयात शास्त्रीय नाव व प्रमाणित छायाचित्र समाविष्ट करावे, शासकीय अनुदानातील अस्तरीकृत शेततळ्यांच्या मापदंडात किमान एका बाजूस बाहेर पडण्याची उतरती वा जाळीची सोय अनिवार्य करावी, आणि विणीच्या काळात, जून ते ऑगस्ट, पकडण्याविरुद्ध गस्तीची जबाबदारी परिक्षेत्रनिहाय निश्चित करावी.’

दुसरा टोडच्या सड्याचा, वारसा स्थळासाठी. त्यात नकाशावर डबक्यांच्या नेमक्या जागा द्याव्यात की नाही?

फाइलवाट

शेततळ्याची ओळ फार चांगली. पण तो विषय कृषी विभागाचा. ‘कृषी विभागाशी विचारविनिमय करून’ हे शब्द घाला, नाहीतर वन विभाग ‘आमच्या अखत्यारीत नाही’ म्हणून नेमकी तीच ओळ काढेल. आणि एक प्रत कृषी आयुक्तालय, पुणे यांना.

पाणथळ

डबक्यांच्या जागा जाहीर प्रतीत नकोत. सड्याची सीमा द्या, क्रमांकित डबक्यांची यादी बंद पाकिटात वन विभागाकडे. पाळीव प्राण्यांच्या बाजारात दुर्मीळ उभयचरांना गिऱ्हाईक असते. शिवाय ‘जून ते ऑगस्ट’ बदला. कोकणात पहिला जोराचा पाऊस कधी मेअखेरीस येतो आणि बुलफ्रॉगची वीण त्या पहिल्या दोनतीन रात्रींतच उरकते. ‘पहिल्या मान्सूनपूर्व सरींपासून ऑगस्टअखेरपर्यंत’ असे लिहा. पकडणारे त्याच रात्री बाहेर पडतात.